घरचा कारागीर : सेल्फ बोलेना, साखळी गप्प बसेना

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी दोन गोष्टींची खबर घेतली जाते. एक फराळाच्या डब्यांची आणि दुसरी दाराशी उभ्या असलेल्या वाहनाची. डब्यांचे खाते याच अंकात दुसऱ्या हातांत सुरक्षित आहे, तेव्हा त्यात आम्ही नाक खुपसत नाही. वाहनाकडे मात्र वळू या. दसऱ्याला मोटारसायकल धुऊन झाली, तिला झेंडूचा हार घालून झाला, हळदकुंकू लागले. पूजा यथासांग झाली, पण खबर घेतली गेली का? कारण भाऊबीजेला सकाळी सहाला बहिणीकडे निघायचे असते, मागे सौभाग्यवती मिठाईचा डबा सांभाळत उभ्या असतात आणि बटण दाबले की आतून फक्त 'टक्' एवढाच आवाज येतो. त्या दिवशी गॅरेजही बंद असते आणि रिक्षाही मिळत नाही!

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही निवडला आहे तो बटणापासून मागच्या चाकापर्यंतचा सगळा मार्ग. सेल्फ, किक, क्लच आणि साखळी ही चार ठाणी. या चारही ठिकाणी घरच्या माणसाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि करू नये असेही थोडे आहे. दोन्ही सांगू. सामान फार नको : ८ ते १७ क्रमांकांचे रिंग पाने, एक चांगला पेचकस, पक्कड, मोजपट्टी, जुना दात घासायचा ब्रश, फडकी आणि एक साधा मल्टीमीटर. हा मल्टीमीटर घरच्या वैद्याची नाडीपरीक्षा समजा. आधी नाडी आणि मग औषध, हा क्रम ज्याने पाळला त्याचे निम्मे पैसे वाचले.

बटणामागची मंडळी

विजेने इंजिन सुरू करण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी रचलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बसला आणि हाताने हँडल मारण्याचा, प्रसंगी मनगट मोडून घेण्याचा काळ संपत आला. मोटारसायकलीवर हा प्रयोग 'इंडियन' नावाच्या अमेरिकन कंपनीने १९१४ साली 'हेन्डी स्पेशल' या गाडीत केला. पण त्या वेळच्या बॅटऱ्यांना तो ताण सोसेना आणि वर्षभरातच ती गाडी मागे घ्यावी लागली. १९६५ साली हार्ले डेव्हिडसनने विजेचा स्टार्टर असलेल्या गाडीचे नावच 'इलेक्ट्रा ग्लाइड' ठेवले. आपल्याकडे मात्र किकचे राज्य पुष्कळ वर्षे टिकले. पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर २००१ साली आली, त्या सुमारापासून 'सेल्फ' हा शब्द मध्यमवर्गीय घरात रुळू लागला. आज कित्येक गाड्यांना किकच नसते.

हेन्डी स्पेशलची गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की, शंभर वर्षांपूर्वी जे दुखणे होते तेच आजही आहे. सेल्फची तक्रार आली की दहापैकी बहुतेक वेळा मोटार निर्दोष असते. दोष बॅटरीत किंवा तिच्यापासून निघालेल्या तारांच्या सांध्यांत असतो.

आता आतली मंडळी पाहा. बॅटरीतून एक जाड तार रिलेकडे जाते आणि रिलेकडून दुसरी जाड तार मोटारीकडे. तुमचे बटण या जाड तारेला हातच लावत नाही. ते फक्त रिलेला हाक मारते. घरधनी ट्रंक स्वतः उचलत नाही, हमालाला बोलावतो, तसेच हे. बटणातून चिमूटभर वीज रिलेच्या गुंडाळीत जाते, गुंडाळीचे लोहचुंबक होते, ते आतली तांब्याची पट्टी ओढून घेते आणि मग बॅटरीची भरघोस वीज मोटारीत धावते. 'टक्' हा आवाज त्या पट्टीचा. पुढे मोटार दाते असलेल्या चाकांतून वन-वे क्लच फिरवते आणि वन-वे क्लच इंजिनाचा क्रँक. इंजिन सुरू झाले की हा वन-वे क्लच आपोआप सुटतो. नाही तर इंजिनाने मोटारीलाच गरागरा फिरवून तिचा चुराडा केला असता.

आवाज ऐका, मग पाना उचला

यंत्र बोलते, आपण ऐकत नाही. बटण दाबल्यावर काय ऐकू येते यावरून दुखणे कोठे आहे ते घरबसल्या कळते.

काहीच आवाज नाही : आधी लाल रंगाचा इंजिन बंद करण्याचा स्विच पाहा. मुले खेळता खेळता तो दाबून ठेवतात. मग गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, बाजूचा स्टँड वर आहे का, क्लच दाबला आहे का, ते पाहा. नव्या गाड्यांत यांपैकी एखादी अट पुरी झाली नाही तर बटण मुद्दामच मुके ठेवलेले असते. त्यानंतर फ्यूज. जळलेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे घराला आग लावण्याचा परवाना घेणे होय.

टक्-टक्-टक्-टक् अशी सलग टिकटिक : बॅटरी थकली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. रिले पट्टी ओढतो, मोटार वीज मागते, बॅटरीचा दम जातो, पट्टी सुटते, पुन्हा ओढली जाते. ही त्याचीच टिकटिक.

एकच जोरकस 'टक्' आणि मग शांतता : रिलेने आपले काम केले, पण वीज मोटारीपर्यंत पोचत नाही किंवा पोचून मोटार हलत नाही. जाड तारांचे सांधे, रिलेच्या आतले जळके स्पर्श किंवा मोटारीतले झिजलेले कार्बन, यांपैकी एक.

मोटार घरघरते पण इंजिन फिरत नाही : वन-वे क्लच घसरतो आहे. याचे घर बहुधा मॅग्नेटोच्या मागे असते आणि तेथे जायला खास ओढणी-हत्यार लागते. हे काम गॅरेजचे.

इंजिन छान फिरते पण पेट घेत नाही : मग सेल्फला बोल लावू नका. पेट्रोल, प्लग, हवा यांच्याकडे वळा. बटण दाबत राहिलात तर चांगली बॅटरीही उतरेल. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबू नये आणि मध्ये दहा-पंधरा सेकंद विश्रांती द्यावी.

बटण सोडले तरी मोटार फिरतच राहिली : रिलेची पट्टी चिकटली आहे. घाबरू नका, चावी बंद करून ताबडतोब बॅटरीची ऋण तार सोडवा.

बॅटरी आणि तिचे सांधे

मल्टीमीटर २० व्होल्टच्या सरळ प्रवाहाच्या खुणेवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२ च्या खाली आला तर जवळजवळ रिकामी. आता दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्या, त्यांना मौज वाटेल. आकडा खाली येणारच, परंतु तो १० च्या खूप खाली कोसळला तर बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे. इंजिन सुरू झाल्यावर जरा वेग दिला की तोच आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसावा. नाही दिसला तर बॅटरी भरणारे यंत्रच आजारी आहे आणि नवी बॅटरी घातली तरी ती आठवड्यात उतरेल.

बॅटरीचा आकडा चांगला आहे आणि मोटार तरीही मरगळलेली आहे, असे असेल तर सांधे तपासा. एक हिशेब ध्यानात ठेवा. पुढचा ३५ वॅटचा दिवा सुमारे ३ अँपिअर वीज घेतो. सेल्फ त्याच्या कितीतरी पट घेतो. समजा, ५० अँपिअर वाहत आहेत आणि एका गंजक्या सांध्यात ०.०५ ओहम एवढा क्षुल्लक अडथळा आहे. तेवढ्यानेच अडीच व्होल्ट त्या सांध्यात खर्ची पडतात! दिवा लागतो, हॉर्न वाजतो, म्हणून आपण म्हणतो बॅटरी ठीक आहे. पण मोटारीच्या वाट्याला उपासमार येते. यासाठी मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून बटण दाबवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थची तार किंवा तिचा बोल्ट दोषी आहे. आपल्या कोकणच्या आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, हा दोष फारच आढळतो. एका बोल्टाखालचा गंज खरवडून जे काम होते, त्यासाठी कित्येक घरांत नवी बॅटरी आणि कधी कधी नवी मोटारही आणली जाते. रुपयाचे काम हजारात जाते ते असे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशाने धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. बॅटरीला पाणी घालण्याची झाकणे असतील तर सोड्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका. अशा बॅटरीत दोन खुणांच्या मध्ये शुद्ध डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे नव्हे. बंद बॅटरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

एक नियम मुलांकडून पाठ करून घ्या : सोडवताना आधी ऋण, जोडताना आधी धन. कारण गाडीचा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो. ऋण तार जागेवर असताना धन टोकाचा नट सोडवायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर अशी ठिणगी उडते की पाना हातातून गळून पडेल. आणखी एक. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो भडकणारा आहे. दिवाळीचे दिवस आहेत. पणती, उदबत्ती आणि फुलबाजी या कामापासून चार हात दूर असू द्या.

मोटार उघडायची झाली तर

सगळे सांधे स्वच्छ, बॅटरी भरलेली आणि तरी एकच 'टक्' येऊन थांबते, अशा वेळी मोटार काढून पाहायला हरकत नाही. ऋण तार सोडवा, मोटारीवरची जाड तार काढा, तिचे बहुधा दोनच बोल्ट असतात ते खोला आणि मोटार हलवत हलवत बाहेर घ्या. तिच्या नाकावर एक रबरी कडे असते, ते जपा; फाटले तर तेथून ऑईल झिरपते.

उघडण्यापूर्वी दोन्ही झाकणे आणि मधले नळकांडे यांवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढून ठेवा. परत बसवताना रेघ जुळली की झाकण जुळले. दोन लांब स्क्रू काढले की झाकणे सुटतात. आतल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना पातळ चकत्या असतात. कोणती कोठून निघाली ते कागदावर मांडून ठेवा. चकत्यांची अदलाबदल झाली की मोटार अडकते. दांडा बाहेर ओढताना आणि आत घालताना बाजूचे लोहचुंबक त्याला झटक्याने ओढतात, बोटे सांभाळा.

आता दोन गोष्टी पाहायच्या. पहिली कार्बन. हे चौकोनी काळे ठोकळे स्प्रिंगने दाबलेले असतात आणि झिजत जातात. स्प्रिंगचा दाब उरला नसेल किंवा कार्बन पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा आखूड झाले असतील तर नवा संच घाला. मोटारीच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. दुसरी गोष्ट तांब्याच्या पट्ट्यांचे ते गोल कडे, ज्यावर कार्बन घासतात. ते काळवंडले असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्याभोवती फिरवून उजळ करा आणि पट्ट्यांमधल्या खाचांतली काजळी अणकुचीदार काडीने काढून टाका. मग मल्टीमीटर जोडणी तपासण्याच्या खुणेवर ठेवून पाहा : शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये वीज जायला हवी, पट्टी आणि दांडा यांमध्ये मात्र अजिबात जाता कामा नये. गेली तर गुंडाळी जळलेली आहे आणि मग मात्र नवी मोटार घेण्यावाचून गत्यंतर नाही.

किकची तऱ्हा

ज्यांच्या गाडीला किक आहे त्यांनी तिला विसरू नये. आठवड्यातून एकदा तरी मारावी. किक मोकळी फिरते अशी तक्रार असेल तर आधी दांड्याच्या बुडाचा बोल्ट पाहा. तेथे दांडा आणि आतला शाफ्ट यांना बारीक खाचा असतात. बोल्ट सैल राहिला की खाचा झिजतात आणि दांडा नुसताच फिरतो. वेळीच आवळला तर पाच मिनिटांचे काम. उशीर झाला तर दांडा बदलावा लागतो, आणि फारच उशीर झाला तर शाफ्टसाठी इंजिन उघडावे लागते. किक खाली जाऊन वर येत नसेल तर आतली स्प्रिंग तुटली किंवा सुटली आहे.

जुन्या गाड्यांचे शौकीन अजून पुष्कळ आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा गाड्या निघू लागल्या. त्यांत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असे. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण गाड्या अजून फिरतात. बुलेट १९५५ पासून मद्रासेत जुळवली जाऊ लागली. त्या जुन्या घडणीच्या बुलेटमध्ये किकचा जोर गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनाकडे जातो. त्यामुळे तिचा क्लच घसरत असेल तर किकही घसरते. पुष्कळ जण अशा वेळी किकचे दाते बदलत बसतात आणि दोष असतो क्लचच्या ताणून बसवलेल्या केबलचा!

क्लच : सुटतो की धरत नाही?

क्लचची दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. एक, क्लच घसरणे : खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागते. दुसरे, क्लच पुरता न सुटणे : पहिला गिअर टाकताना गाडी धक्का देते, उभे असताना न्यूट्रल सापडता सापडत नाही.

दोन्हींचा पहिला उपाय हँडलपाशीच आहे. क्लचची मूठ दाबताना सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल हवी. बहुतेक लहान गाड्यांत मुठीच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर. अजिबात मोकळीक नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, घसरतो आणि प्लेट जळतात. मोकळीक फार असेल तर तो पुरता सुटत नाही. केबलच्या टोकाशी असलेला नट फिरवून हे माप जमवता येते. केबलचे दोरे तुटायला लागले असतील तर ती लगेच बदला. ती तुटायची जागा नेहमी भर चौकातलीच असते.

माप बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर ऑईल आठवा. बहुसंख्य मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या ऑईलमध्येच बुडालेला असतो. काही चारचाकींच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती इंजिनाला मानवतात, क्लचला नाही. म्हणून डब्यावर 'जासो एम.ए.' किंवा 'एम.ए.-२' अशी खूण असलेले मोटारसायकलीचेच ऑईल घ्यावे.

साखळी : सगळ्यांत साधी, सगळ्यांत दुर्लक्षित

इंजिनाने केलेली सारी मेहनत मागच्या चाकाला पोचवते ती साखळी, आणि घरात सर्वांत कमी लाड होतात तेही तिचेच. सैल साखळी दात्यांवरून उतरते. उतरून ती चाकापाशी अडकली तर मागचे चाक धावत्या गाडीवर जागच्या जागी थांबते आणि मग मागे बसलेल्या मुलाबाळांचे काय होईल ते सांगायला नको. साखळीचा प्रश्न नुसत्या खडखडाटाचा नाही, तो जिवाचा आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा नियम : इंजिन सुरू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत साखळी पुसू नका की तिला तेल देऊ नका. फडके साखळी आणि दात्यांच्या मध्ये सापडते आणि फडक्यामागून बोट जाते. क्षणात जाते. चावी काढून खिशात ठेवा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि चाक हाताने सावकाश फिरवा.

साखळी धुण्यास रॉकेल उत्तम. हल्ली ते मिळणे कठीण झाले आहे, तेव्हा बाजारात मिळणारे साखळी धुण्याचे द्रव्य आणा. पेट्रोल वापरू नये. एक तर ते भडकते, आणि ज्या साखळीच्या सांध्यांत रबरी कडी असतात ती कडी ते खराब करते. तारेचा ब्रशही नको. धुतल्यावर पुसून कोरडी करा आणि ९० क्रमांकाचे गिअर ऑईल किंवा साखळीसाठीचा फवारा खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने द्या. चाक फिरले की ते आपोआप बाहेर पसरते. फेरफटका मारून आल्यावर साखळी कोमट असताना तेल दिले तर ते सांध्यांत चांगले मुरते. दर पाचशे किलोमीटरला हे करावे, पावसाळ्यात त्याहून लवकर. जाता जाता, दसऱ्याच्या हाराचा दोरा मागच्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळला गेला आहे का, तेही पाहून घ्या.

आता ताण. खालच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर बोटाने साखळी वर-खाली हलवा आणि मोजपट्टीने हालचाल मोजा. बहुतेक मध्यम गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असावी. तथापि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा हाच प्रमाण मानावा. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा आणि जेथे ती सर्वांत घट्ट असेल त्या जागेचे माप धरा. मागच्या आसाचा नट सैल करा, मग दोन्ही बाजूंचे ताणाचे नट सारखेच, पाव-पाव फेरा फिरवा. दोन्हीकडे खुणा असतात. त्या जुळल्या नाहीत तर चाक वाकडे बसते आणि साखळी दाते खाते. आसाचा नट घट्ट आवळा, ताण पुन्हा मोजा. चाक मागे सरकले म्हणजे मागचा ब्रेकही बदलला, हे विसरू नका. ड्रम ब्रेक असेल तर त्याची मोकळीक आणि ब्रेकचा लाल दिवा तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

'घट्ट केली की बरी' असे मात्र नाही. गाडी खड्ड्यात आदळली की मागचा फाटा वर जातो आणि साखळी आणखी ताणली जाते. आधीच ताणलेली असेल तर बेअरिंगे खराब होतात किंवा साखळी तुटते.

साखळीला जोडकडी असेल तर तिच्या क्लिपचा बंद भाग साखळी जिकडे धावते त्या दिशेला आणि फाटलेली बाजू मागे असायला हवी. उलट बसली तर एखादा दगड लागून ती निघून जाते.

साखळी बदलण्याची वेळ कशी ओळखावी? मागच्या मोठ्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाशी साखळी बोटांनी मागे ओढा. निम्मा दाता उघडा दिसला तर तिचे दिवस भरले. मोजून पाहायचे असेल तर लहान गाड्यांच्या ४२८ क्रमांकाच्या साखळीत एका पिनेपासून पुढची पीन १२.७ मिलिमीटरवर असते; म्हणजे २० कड्या २५४ मिलिमीटर भरायला हव्यात. दोन टक्के वाढ म्हणजे २५९. ही सर्वसाधारण मर्यादा समजा, काही पुस्तिका याहून कडक असतात. चक्राचे दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर पुढचे चक्र, मागचे चक्र आणि साखळी असा संचच बदलावा. नवी साखळी जुन्या दात्यांवर घालणे म्हणजे नवा जोडा घालून खिळ्यांवर चालणे. आणि साखळी चांगली असून गाडी गचके देत असेल तर मागच्या हबमधले रबरी ठोकळे झिजले आहेत का ते पाहा.

पदर आणि ओढणी

साखळीचा विषय साडीपाशी आल्याशिवाय पुरा होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारे संरक्षण सांगितले आहे. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी 'उठावदार' दिसावी म्हणून चिरंजीव ते काढून टाकतात. कृपा करून ते परत बसवायला लावा. पदर किंवा ओढणी चाकात गेली की गळफास बसायला क्षणही लागत नाही. साखळीचे झाकणही स्क्रू हरवले म्हणून अर्धे लोंबकळत ठेवू नये. दोन स्क्रूंचा खर्च तो काय!

वाचकांच्या शंका

बॅटरी उतरली तर गाडी ढकलून सुरू करावी का? कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला हा उपाय लागू पडतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल पंपाने, विजेच्या आधारे, इंजिनात फवारले जाते. बॅटरी पुरती मेलेली असेल तर अशा गाडीला ढकलून बहुधा फक्त घाम निघतो, आणि किक मारूनही तेच.

चारचाकीच्या बॅटरीवरून तार लावता येते का? दोन्ही १२ व्होल्टच्या असतील तर येते. पण चारचाकीचे इंजिन बंद ठेवावे. धनाला धन आणि शेवटची ऋण तार मोटारसायकलीच्या इंजिनाच्या धातूला लावावी, बॅटरीवर नको.

रिलेच्या दोन टोकांना पेचकस टेकवून सेल्फ फिरवला तर चालते का? गॅरेजमध्ये तसे करताना तुम्ही पाहिले असेल. घरी करू नका. मोठी ठिणगी उडते, शेजारी पेट्रोल असते आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते.

घरी काय करू नये

वन-वे क्लच, क्लचच्या प्लेट, किकची आतली स्प्रिंग आणि गिअरबॉक्स ही कामे हत्यारांअभावी घरी काढू नयेत. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मोटारही खोलू नका. पण गॅरेजमध्ये जाताना 'गाडी सुरू होत नाही' एवढेच सांगू नका. 'बॅटरी १२.६ दाखवते, बटण दाबल्यावर १०.८ राहते, एकच टक् येते, अर्थ स्वच्छ केली आहे,' असे सांगा. कारागीर मान वर करून तुमच्याकडे पाहील. चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक आवडते, आणि तसा नसलेल्याला ते फसवता येत नाही.

शेवटी एक विनंती. हे काम मुलगा-मुलगी दोघांनाही शेजारी बसवून करा. पाना कोणत्या बाजूला फिरतो हे ज्याच्या हाताला एकदा कळले, तो रात्री अनोळखी रस्त्यावर हतबल होऊन उभा राहत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रविवारची दुपार यासाठी पुरेशी आहे. हात मात्र फराळाच्या ताटाला लावण्यापूर्वी साबणाने दोनदा धुवा!

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची, आणि भाऊबीजेची सकाळ पहिल्याच बटणाची जावो.